टी. पी. राजलक्ष्मी : मूकपटातून बोलपटाकडे

प्रस्तावना

पडद्यावरची माणसे बोलतात, गातात, हसतात याचे आज कोणालाच नवल वाटत नाही. परंतु आपल्या देशात चित्रपट सुरू झाला तेव्हा तो मुका होता. १९१३ ते १९३१ ही अठरा वर्षे प्रेक्षकांनी केवळ हालचाली आणि हावभाव पाहून चित्रपटांचा आनंद घेतला. त्या काळी स्त्रीने पडद्यावर दिसणे हीच गोष्ट समाजाला मान्य नव्हती. अशा काळात तंजावर जिल्ह्यातील एक मुलगी प्रथम रंगभूमीवर, मग मूकपटात आणि त्यानंतर बोलपटात आली. अभिनयावर न थांबता तिने चित्रपटाची कथा, निर्मिती आणि दिग्दर्शन या जबाबदाऱ्याही उचलल्या. तिचे नाव टी. पी. राजलक्ष्मी. प्रस्तुत पाठात आपण तिच्या जीवनाचा परिचय करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण :

- राजलक्ष्मींच्या जीवनातील महत्त्वाच्या घटना क्रमाने सांगू शकाल;
- मूकपट आणि बोलपट यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
- बालविवाह आणि हुंडा या प्रथांचे स्त्रीच्या जीवनावर होणारे परिणाम सांगू शकाल;
- प्रतिकूल परिस्थितीत कलेचा आधार कसा मिळतो, याविषयी आपले मत मांडू शकाल.

मूळ पाठ

१. कावेरीकाठचे गाव

तंजावर हे नाव मराठी माणसाला परके नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तेथे मराठी राज्याची स्थापना केली. ते राज्य १८५५ पर्यंत टिकले. सरफोजीराजांनी वाढवलेले सरस्वती महाल ग्रंथालय आजही त्या काळाची साक्ष देते. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे स्वतः नाटककार होते. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' हे नाटक केले. त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी शहाजीराजांनी तंजावरात मराठी नाटके लिहिली होती. तमिळ, तेलुगू, मराठी आणि संस्कृत या भाषा तेथे शेजारी शेजारी नांदल्या. संगीत, नृत्य आणि नाट्य या कलांना राजाश्रय मिळाला आणि राज्य गेल्यावरही त्या त्या भूमीत जिवंत राहिल्या.

तंजावरच्या उत्तरेस, कावेरीच्या काठी तिरुवैयारू हे गाव आहे. या नावाचा अर्थ पाच पवित्र नद्यांचे स्थान असा होतो. कर्नाटक संगीतातील थोर संतकवी त्यागराज यांनी आपले आयुष्य याच गावात व्यतीत केले. १८४७ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या पुण्यतिथीला दूरदूरचे गायक आजही तिरुवैयारूला येऊन त्यांची पदे गातात. मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी या उत्सवात स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती. बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने पदरचे पैसे खर्चून त्यागराजांच्या समाधीचे मंदिर बांधले आणि तेथे स्त्रियांच्या गाण्याचा हक्क मिळवला. गाव संगीताचे होते, परंतु त्या संगीतात बाईच्या आवाजाला जागा मिळण्यासाठी झगडावे लागत होते.

अशा या गावात ११ नोव्हेंबर १९११ रोजी राजलक्ष्मीचा जन्म झाला. तिचे वडील पंचापकेश शास्त्री हे गावचे हिशेबनीस होते. आपल्याकडील कुलकर्ण्यांसारखेच ते काम होते. आईचे नाव मीनाक्षी. तमिळ रीतीप्रमाणे माणसाच्या नावाआधी गावाचे आणि वडिलांच्या नावाचे आद्याक्षर येते. टी. पी. राजलक्ष्मी या नावातील 'टी' म्हणजे तिरुवैयारू आणि 'पी' म्हणजे पंचापकेश. पुढे नाव आणि कीर्ती मिळाली तेव्हाही ही दोन अक्षरे तिच्या नावापुढे कायम राहिली.

राजलक्ष्मीला लहानपणापासून गाण्याची ओढ होती. ऐकलेले गाणे चटकन उचलावे आणि ते जसेच्या तसे म्हणून दाखवावे, अशी तिची ग्रहणशक्ती होती. तथापि प्रतिष्ठित ब्राह्मण घरातील मुलीने गाणे शिकून ते लोकांपुढे गावे, ही कल्पना त्या काळी कोणाच्या मनातही आली नसती.

२. परत आलेली मुलगी

त्या काळी मुलींची लग्ने बालपणीच होत असत. मुलींच्या लग्नाचे किमान वय चौदा वर्षे ठरवणारा शारदा कायदा १९२९ मध्ये संमत झाला आणि १९३० मध्ये अमलात आला. राजलक्ष्मीचे लग्न त्याच्या कितीतरी आधी, तिच्या खेळण्याबागडण्याच्या वयात लावून देण्यात आले. लग्न म्हणजे काय, हे कळण्याचे तिचे वयही नव्हते.

सासरच्या मंडळींनी हुंड्यासाठी तगादा लावला. हिशेबनिसाची मिळकत ती किती! त्यांच्या मागण्या पुऱ्या करणे वडिलांना शक्य झाले नाही. अखेर राजलक्ष्मीची माहेरी पाठवणी करण्यात आली. मुलगी परत आली म्हणजे दोष मुलीचाच, असे समाज मानत असे. जिने काही मागितले नव्हते आणि काही नाकारले नव्हते, त्या मुलीच्या कपाळी कायमचा कलंक लागला. पुन्हा लग्न नाही, शिक्षण नाही, कमाईचे साधन नाही. कोणाच्या तरी घरात अबोलपणे काम करीत दिवस काढायचे, एवढाच मार्ग अशा मुलीपुढे उरत असे.

त्यातच वडिलांचे निधन झाले. मीनाक्षीबाईंवर मुलांच्या पोटापाण्याची जबाबदारी येऊन पडली. गावात राहून बोलणी ऐकण्यापेक्षा दुसरीकडे जाऊन कष्ट करावेत, असे त्यांनी ठरवले आणि मुलांना घेऊन त्या तिरुचिरापल्लीला आल्या. तिरुचिरापल्ली हे रेल्वेचे, बाजारपेठेचे आणि नाटक कंपन्यांचे शहर होते. तेथेच राजलक्ष्मीच्या आयुष्याला वेगळे वळण मिळाले.

३. रंगभूमीचा आधार

तमिळ रंगभूमीचा तो भरभराटीचा काळ होता. शंकरदास स्वामिगळ या नाटककाराची 'वळ्ळी तिरुमणम्', 'पवळक्कोडी', 'कोवलन' ही संगीत नाटके गावोगावी होत. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत रंगत असे. ध्वनिवर्धक यंत्रे नव्हती. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला ऐकू जाईल असा खडा, उंच सूर लावता येणे ही नटाची पहिली कसोटी होती. अनेक कंपन्यांमध्ये मुलगेच स्त्रियांच्या भूमिका करीत. महाराष्ट्रात बालगंधर्वांनी स्त्रीभूमिकांनी रसिकांना वेड लावले, तोही हाच काळ. तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम येथे बालामणी या अभिनेत्रीने केवळ स्त्रियांची नाटक कंपनी चालवली होती. परंतु असे उदाहरण विरळाच. रंगभूमीवर येणाऱ्या स्त्रीकडे समाज आदराने पाहत नसे.

मीनाक्षीबाईंनी लोकनिंदेची पर्वा केली नाही. त्या मुलीला घेऊन सामण्णा यांच्या नाटक कंपनीत गेल्या. राजलक्ष्मी त्या वेळी सुमारे अकरा वर्षांची होती. तिचे गाणे ऐकून कंपनीने तिला प्रवेश दिला. सासरने नाकारलेल्या या मुलीची कमाई आता घराचा आधार बनली. भावंडांच्या पोटात दोन घास जाऊ लागले ते तिच्या गळ्यामुळे.

नाटक कंपनी हीच राजलक्ष्मीची शाळा ठरली. पाठांतर, ताल, उच्चार, अभिनय, वेळेचे भान या सर्व गोष्टी ती तेथे शिकली. गावोगावचा प्रवास आणि रात्रीची जागरणे तिच्या अंगवळणी पडली. पौराणिक नाटकांतील नायिकांच्या भूमिका तिला मिळू लागल्या. एस. जी. किट्टप्पा, एम. के. त्यागराज भागवतर, व्ही. ए. चेल्लप्पा यांसारख्या गाजलेल्या गायकनटांसमवेत तिने कामे केली. विशीच्या आतच राजलक्ष्मी हे नाव तमिळ नाट्यरसिकांच्या ओठांवर होते.

४. मुका पडदा

रंगभूमी ऐन बहरात असतानाच तिच्या शेजारी एक नवी करमणूक मूळ धरत होती. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांनी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट दाखवला. त्यात तारामतीची भूमिका करण्यास एकही स्त्री तयार झाली नाही. अण्णा साळुंके या तरुणाने ती केली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या दोघींनी भूमिका केल्या. त्या आपल्या पडद्यावरील पहिल्या अभिनेत्री ठरल्या. त्यानंतर काही वर्षांतच मद्रासमध्ये आर. नटराज मुदलियार यांनी 'कीचकवधम्' तयार करून दक्षिणेत मूकपटाचा पाया घातला. सामिक्कण्णू व्हिन्सेंट यांच्यासारखे उद्योगी लोक गावोगावी तंबू ठोकून चित्रपट दाखवू लागले.

मूकपटाची रीत आजच्या चित्रपटापेक्षा अगदी वेगळी होती. पात्रे ओठ हलवीत, पण आवाज येत नसे. संवादाच्या जागी मजकुराच्या पाट्या पडद्यावर येत. वाचता न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी पडद्याजवळ उभा राहिलेला माणूस मोठ्या आवाजात गोष्ट सांगत असे. कोणी पेटी वाजवी, तर कोणी तबला. भाषेचे बंधन नसल्यामुळे मुंबईचा चित्रपट मद्रासला आणि मद्रासचा मुंबईला सहज दाखवता येई. चांगल्या घरातील स्त्रिया पुढे येत नसल्याने बऱ्याच नायिका अँग्लो-इंडियन समाजातील असत. त्यांना देशी भाषा येत नसली तरी काही बिघडत नसे.

मद्रासमधील ए. नारायणन यांनी जनरल पिक्चर्स कॉर्पोरेशन ही मूकपट काढणारी संस्था उभारली. तिच्या 'कोवलन' या १९२९ मधील चित्रपटात राजलक्ष्मी प्रथम पडद्यावर आली. त्यानंतर राजा सँडो यांच्या 'उषासुंदरी' आणि 'राजेश्वरी' या मूकपटांतही तिने कामे केली. राजा सँडो मुंबईच्या चित्रसृष्टीत गाजले होते आणि आता मद्रासमध्ये दिग्दर्शन करीत होते.

जिच्या गळ्यावर प्रेक्षक लुब्ध होते, तिला आता एकही सूर न लावता काम करायचे होते. रंगभूमीवर दुरून दिसावेत म्हणून हातवारे मोठे करावे लागत. कॅमेऱ्यासमोर तेच हातवारे भडक वाटत. डोळे, ओठ, मानेची किंचित हालचाल यांतून मनातील भाव प्रकट करावा लागे. नाटकातील प्रेक्षकांची दाद तेथे नव्हती. समोर होते ते फक्त एक यंत्र. मूकपटांतील हा अनुभव अल्पकाळाचा असला तरी कॅमेऱ्याची भाषा राजलक्ष्मी तेथेच शिकली. लवकरच ही शिदोरी तिच्या कामी आली.

५. पडद्याला वाचा फुटते

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीचा 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. पडदा बोलू लागताच चित्रपटसृष्टीत मोठी उलथापालथ झाली. ज्यांना देशी भाषा येत नव्हती, गाता येत नव्हते, असे अनेक कलावंत मागे पडले. गाणारे आणि स्पष्ट बोलणारे नट हवे होते आणि ते रंगभूमीवर होते.

दक्षिणेतील प्रेक्षकांसाठी बोलपट काढायचे इराणी यांनी ठरवले. दिग्दर्शनाची जबाबदारी एच. एम. रेड्डी यांच्यावर सोपवण्यात आली. चित्रपटाचे नाव होते 'कालिदास'. एका प्रधानाच्या मुलाशी लग्न करण्यास राजकन्या नकार देते. त्या रागापोटी प्रधान तिचे लग्न एका अडाणी गुराख्याशी लावून देतो. पुढे कालीमातेच्या कृपेने तोच गुराखी महाकवी कालिदास होतो, अशी ती लोकप्रिय कथा. राजकन्या विद्याधरीच्या भूमिकेसाठी राजलक्ष्मींची निवड झाली. अभिनय, गायन आणि कॅमेऱ्याचा सराव हे तिन्ही गुण त्यांच्या ठायी एकत्र होते.

मद्रासमध्ये तेव्हा ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती. राजलक्ष्मींनी मुंबई गाठली आणि 'आलम आरा'साठी उभारलेल्या देखाव्यांतच 'कालिदास'चे चित्रीकरण झाले. हा चित्रपट एका भाषेत नव्हता, हे त्याचे वैशिष्ट्य. राजलक्ष्मी तमिळमध्ये बोलत, नायक पी. जी. व्यंकटेशन तेलुगूत उत्तर देत, तर काही पात्रे हिंदीत बोलत. प्रेक्षकांना त्यात काही वावगे वाटले नाही. पडद्यावरून आपल्या भाषेतील शब्द आणि ओळखीची गाणी ऐकू येतात, याचेच त्यांना अप्रूप होते. तिरुवैयारूच्या त्यागराजांची पदेही या चित्रपटात होती. ज्या गावात त्यागराजांची पदे गाण्यासाठी स्त्रियांना झगडावे लागले, त्याच गावच्या मुलीचा आवाज आता पडद्यावरून घुमत होता.

'कालिदास'च्या रिळांच्या पेट्या मुंबईहून रेल्वेने मद्रासला आल्या, तेव्हा लोकांनी त्यांच्यावर फुले उधळली, नारळ फोडले आणि मिरवणुकीने त्या चित्रपटगृहापर्यंत नेल्या. ३१ ऑक्टोबर १९३१ रोजी मद्रासच्या किनेमा सेंट्रल चित्रपटगृहात 'कालिदास' प्रदर्शित झाला. तमिळ बोलपटाची पहिली नायिका म्हणून राजलक्ष्मींचे नाव इतिहासात नोंदले गेले. त्या वेळी त्या अवघ्या एकोणीस वर्षांच्या होत्या.

६. स्वातंत्र्याचे गाणे

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने देश ढवळून निघाला होता. राजकीय सभांवर बंदी येई, वृत्तपत्रांवर निर्बंध लादले जात. नाटकांवर बंदी घालण्याचा अधिकार तर सरकारने १८७६ च्या कायद्यानेच आपल्या हाती घेतला होता. अशा वेळी पौराणिक नाटकात मध्येच एखादे देशभक्तिपर गीत गाण्याची प्रथा तमिळ रंगभूमीवर पडली. कथा देवादिकांची असली तरी गाणे चरख्याचे असे आणि प्रेक्षक त्याचा अर्थ ओळखत. मदुरैचे भास्करदास हे अशा गीतांचे प्रसिद्ध कवी होते.

'कालिदास'मध्ये राजलक्ष्मींनी भास्करदासांचे गांधीजींच्या चरख्यावरील गीत गायिले. कथेतील राजकन्येचा काळ दीड हजार वर्षांपूर्वीचा. त्यात चरखा आणि गांधीजी कोठून आले, असा प्रश्न कोणी विचारला नाही. चित्रपटगृहात बसलेल्या माणसाला ते आपलेच गाणे वाटले. रंगमंचावरही राजलक्ष्मी अशी गीते निर्भयपणे गात. त्यासाठी त्यांना अटकही सोसावी लागली. ज्या समाजाने त्यांना बालपणी मुकाट राहण्यास सांगितले, त्याच समाजाच्या मनातील गोष्ट त्या आता उघडपणे गात होत्या.

७. लेखिका, निर्माती, दिग्दर्शिका

'कालिदास'नंतर राजलक्ष्मींना मागणी वाढली. १९३३ मध्ये 'वळ्ळी तिरुमणम्' हा त्यांचा चित्रपट आला. सामिक्कण्णू व्हिन्सेंट यांच्या पुढाकाराने कलकत्त्यातील पायोनियर फिल्म कंपनीत तो तयार झाला. भिल्लकन्या वळ्ळी आणि भगवान मुरुगन यांच्या विवाहाची कथा प्रत्येक तमिळ माणसाला ठाऊक असते. राजलक्ष्मींची वळ्ळी प्रेक्षकांना अतिशय आवडली आणि चित्रपटाने उत्तम यश मिळवले. त्यात नारदाची भूमिका करणारे नट टी. व्ही. सुंदरम् यांच्याशी राजलक्ष्मींनी विवाह केला. सासरहून परत पाठवलेल्या स्त्रीने स्वतःच्या पसंतीने पुन्हा संसार मांडणे ही त्या काळी असामान्य गोष्ट होती.

१९३४ मध्ये 'द्रौपदी वस्त्रापहरणम्' या चित्रपटातही त्यांनी काम केले. त्याच वर्षी ए. नारायणन यांनी मद्रासमध्ये श्रीनिवास सिनेटोन हा ध्वनिमुद्रणाची सोय असलेला स्टुडिओ सुरू केला. आता बोलपटासाठी मुंबई किंवा कलकत्ता गाठण्याची गरज उरली नाही. चाहत्यांनी राजलक्ष्मींना 'सिनेमा राणी' ही पदवी दिली.

मानमरातब आणि पैसा मिळत असतानाही राजलक्ष्मी समाधानी नव्हत्या. पडद्यावर त्या इतरांनी रचलेल्या नायिका साकारत होत्या. स्त्रीचे मन, तिचे लग्न, तिची निवड याविषयी त्यांना स्वतःला काही सांगायचे होते. त्यासाठी त्यांनी लेखणी हाती घेतली. शालेय शिक्षण फारसे न मिळालेल्या या अभिनेत्रीने 'कमलवल्ली' ही सामाजिक कादंबरी लिहिली. प्रेम आणि लग्न यांबाबत स्त्रीच्या इच्छेचे स्थान काय, हा त्यांच्या चिंतनाचा विषय होता. बालपणी त्यांच्या स्वतःच्या इच्छेला कोणी विचारले नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे या विषयाचे मोल कळते.

याच कादंबरीवर त्यांनी १९३६ मध्ये 'मिस कमला' हा चित्रपट काढला. त्यासाठी श्री राजम् टॉकीज ही स्वतःची संस्था स्थापन केली. कथा, निर्मिती, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका अशा सर्व जबाबदाऱ्या त्यांनी एकटीने पेलल्या. भारतात याआधी फातमा बेगम यांनी १९२६ मध्ये मुंबईत 'बुलबुल-ए-परिस्तान' या मूकपटाचे दिग्दर्शन केले होते. दक्षिण भारतात मात्र दिग्दर्शन करणारी पहिली स्त्री म्हणजे राजलक्ष्मीच होत. पौराणिक कथांच्या त्या काळात सामाजिक विषय निवडणे हे धाडसच होते. ज्या स्टुडिओंमध्ये दिग्दर्शक, कॅमेरामन, तंत्रज्ञ हे जवळजवळ सर्व पुरुष असत, तेथे एका स्त्रीने सूचना द्याव्यात आणि इतरांनी त्या पाळाव्यात, हेही नवीनच होते. त्याच वर्षी जन्मलेल्या आपल्या मुलीला त्यांनी या चित्रपटातील नायिकेचेच नाव दिले. पुढे 'मदुरै वीरन' या चित्रपटाची निर्मितीही त्यांनी केली.

१९३८ मधील 'नंदकुमार' या तमिळ चित्रपटात त्यांनी यशोदेची भूमिका केली. या चित्रपटाचे दिग्दर्शक होते केशवराव धायबर. 'प्रभात' फिल्म कंपनीच्या संस्थापकांपैकी एक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो.

केवळ कथांमधून उपदेश करून राजलक्ष्मी थांबल्या नाहीत. काही कुटुंबांत मुलगी जन्मताच तिला मारून टाकण्याची क्रूर चाल होती. अशा एका नवजात मुलीला त्यांनी मरणातून वाचवले आणि स्वतःची मुलगी म्हणून वाढवले. मुलगी म्हणजे ओझे, या समजुतीची झळ त्यांनी स्वतः सोसली होती. त्या समजुतीला त्यांनी आपल्या घरातच असे उत्तर दिले.

८. उत्तरायुष्य

चित्रपटाचा धंदा जितका झगमगता, तितकाच बेभरवशाचा. चाळीसच्या दशकात नव्या अभिनेत्री आल्या, प्रेक्षकांची आवड बदलली. राजलक्ष्मींकडील कामे कमी होत गेली. मिळवलेल्या संपत्तीलाही ओहोटी लागली. १९५० मधील 'इदय गीतम्' हा त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक होता. १९६१ मध्ये राज्य सरकारने त्यांच्या कलासेवेचा सन्मान केला. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा त्या बावन्न वर्षांच्या होत्या.

राजलक्ष्मींचे कर्तृत्व आज पडद्यावर पाहता येत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. 'कालिदास'ची प्रत नष्ट झाली आहे. त्या काळच्या फिती लवकर पेट घेत आणि कालांतराने खराबही होत. त्या जपून ठेवाव्यात, असे फारच थोड्यांना वाटले. दक्षिण भारतात शंभराहून अधिक मूकपट तयार झाले. त्यांपैकी 'मार्तंड वर्मा' हा जवळजवळ एकमेव आज पाहावयास मिळतो. आपला आवाज लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी आयुष्य वेचलेल्या या अभिनेत्रीचा तो पहिला आवाज काळाने पुसून टाकला.

तथापि त्यांनी उघडलेले दार बंद झाले नाही. त्यांच्यानंतर दक्षिणेत अनेक स्त्रिया चित्रपटाच्या लेखिका, निर्मात्या आणि दिग्दर्शिका झाल्या. परत पाठवलेली मुलगी म्हणून जिच्या आयुष्याचा निकाल गावाने लावून टाकला होता, तिने तो निकाल मान्य केला नाही. त्या गावाचे नाव मात्र तिने आपल्या नावाआधी अखेरपर्यंत अभिमानाने मिरवले.

शब्दार्थ

- मूकपट – आवाज नसलेला चित्रपट
- बोलपट – संवाद व गाणी ऐकू येणारा चित्रपट
- हिशेबनीस – जमाखर्च लिहिणारा
- तगादा – एखाद्या गोष्टीसाठी सतत केलेली मागणी
- लोकनिंदा – लोकांनी ठेवलेली नावे
- शिदोरी – प्रवासासाठी बांधून घेतलेले अन्न; येथे, पुढे उपयोगी पडणारा अनुभव
- अप्रूप – नवल, कौतुक
- ओहोटी लागणे – कमी होत जाणे

आपण काय शिकलात?

- बालविवाह आणि हुंडा यांमुळे राजलक्ष्मींचे बालपण हिरावले गेले. नाटक कंपनीने त्यांना उपजीविका आणि शिक्षण दिले.
- मूकपटातील अभिनयाचा अनुभव आणि रंगभूमीवरील गायन यांच्या बळावर त्या तमिळ बोलपटाच्या पहिल्या नायिका झाल्या.
- 'मिस कमला' या चित्रपटाद्वारे त्या दक्षिण भारतातील पहिल्या स्त्री दिग्दर्शक ठरल्या.

पाठान्त प्रश्न

१. राजलक्ष्मीला सासरहून माहेरी का पाठवण्यात आले?
२. मूकपटाच्या काळात वाचता न येणाऱ्या प्रेक्षकांना कथा कशी समजत असे?
३. बोलपट आल्यावर रंगभूमीवरील कलावंतांना महत्त्व का आले?
४. 'कालिदास' या चित्रपटातील भाषांचे वैशिष्ट्य आपल्या शब्दांत लिहा.
५. मीनाक्षीबाईंनी मुलीला नाटक कंपनीत नेण्याचा निर्णय घेतला. तो योग्य होता, असे आपणास वाटते का? कारणे देऊन आठ ते दहा ओळींत उत्तर लिहा.
६. आपल्या परिसरात प्रतिकूल परिस्थितीतून पुढे आलेल्या एखाद्या स्त्रीची माहिती मिळवा आणि ती आपल्या अभ्यास केंद्रातील सहाध्यायींना सांगा.